दर सांगण्याआधी एक रेघ ओढा

नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत कापडाच्या गिरण्या आल्या, तेव्हापासून वऱ्हाडातल्या लहान शिलाई कारखानदारांच्या आशा वाढल्या आहेत. तिथल्याच पीएम मित्र पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. उद्या जॉबवर्क दारात येईलही. पण दर काय सांगणार? आमचे बांधव इथेच फसतात. आम्हीही फसलो आहोत.

कपड्याच्या दुकानाला जोडून आम्ही सहा मशीनवर शर्ट शिवून घेतो. एका महिन्यात ६०० शर्ट झाले, खर्च ८४,००० रुपये. म्हणजे नगामागे १४०. त्यावर १० रुपये नफा धरून आम्ही १५० चा दर कबूल केला. पुढच्या महिन्यात काम आले फक्त ३०० नगांचे. हाती पडले ४५,००० आणि खर्च झाला ५१,०००. सहा हजार पदरचे गेले. दोष गिऱ्हाइकाचा नव्हता, आमच्या हिशेबाचा होता.

तेव्हा उर्दू शाळेत शिकलेली ‘मसावात’, म्हणजे समीकरण, आठवली. चौकटीच्या कागदावर आडवे नग आणि उभा खर्च मांडला. दोन महिन्यांचे दोन बिंदू जोडून सरळ रेघ ओढली. नगांतला फरक ३००, खर्चातला फरक ३३,०००. भागाकार ११०. हा रेषेचा चढ, म्हणजे एक शर्ट वाढला की वाढणारा खर्च: कारागिराची मजुरी, धागा, बटण, इस्त्री. आता ६०० गुणिले ११० म्हणजे ६६,०००. ते ८४,००० मधून वजा केले की उरतात १८,०००. एकही शर्ट शिवला नाही तरी भाडे आणि पगारापोटी जाणारी रक्कम ती हीच. समीकरण झाले: खर्च = ११० × नग + १८,०००.

दोन बिंदूंतून रेघ निघतेच. ती खरी की खोटी हे तिसरा बिंदू सांगतो. आम्ही ५०० नगांचा महिना तपासला. रेघ ७३,००० म्हणते, वहीत ७३,४०० होते. फरक मोठा निघाला असता तर कारण शोधावे लागले असते. सातवे मशीन घेतले किंवा मजुरी वाढली, तर रेघ नव्याने ओढावी लागेल.

आता दर बोलतो. १५० च्या दरात नगामागे ४० सुटतात, म्हणून १८,००० भरून निघायला ४५० नग हवेत. त्याखाली तोटाच. ४५० भरल्यावर मात्र जास्तीचे काम १३० नेही घ्यावे, नगामागे २० हाती राहतात. ११० च्या खाली कधीच नाही.

नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिज्मींनी जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातून ‘अल्जेब्रा’ हा शब्द आला. वारसा, वाटण्या आणि व्यापाराचे हिशेब लोकांना सोपे व्हावेत, हा त्यांचा हेतू होता. आपण मात्र ते गणित परीक्षेपुरते ठेवले. बांधवांनो, रेषेचा चढ आपल्या मुलांच्या दहावीच्या पुस्तकात आहे. आज रात्री तीन महिन्यांची वही आणि मुलाला, मुलीला जवळ घेऊन बसा. दर त्यानंतर सांगा.