भूमी कुणाची, घर कुणाचे?

घर आपल्या मालकीचे आहे, असे समजून आपण चालतो. सोसायटीचे भागप्रमाणपत्र कपाटात जपलेले असते, दरमहाचा मेन्टेनन्स भरलेला असतो, घराला फादरांचा आशीर्वादही मिळालेला असतो. मग एके दिवशी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागते. इमारतीखालच्या सरकारी जमिनीच्या भाडेपट्ट्याची मुदत संपली आहे. नूतनीकरण हवे असल्यास नव्या दराने भुईभाडे भरावे. वांद्र्याच्या अनेक रहिवाशांवर हा प्रसंग ओढवला आहे. भिंती आपल्या आणि भूमी शासनाची, हे पुष्कळांना तेव्हाच प्रथम उमगते.

अशा वेळी एकच मागणी ऐकू येते : जुनेच भाडे चालू ठेवा. या मागणीला आम्ही पाठिंबा देऊ शकत नाही. सरकारी जमीन म्हणजे सर्वांची जमीन. ज्यांना डोक्यावर धड छप्परही नाही, त्यांचाही तिच्यात वाटा आहे. समुद्रालगतचा भूखंड पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र रकमेत वापरणे हा आपला हक्क, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

परंतु शासनाचे मोजमापही आम्हांला मान्य नाही. डिसेंबर २०१२ च्या शासन निर्णयाने मुंबईतील अशा जमिनींचे भाडे रेडी रेकनरशी जोडले. जमिनीच्या त्या किमतीचा चौथा हिस्सा धरायचा आणि निवासी वापराला त्यावर वर्षाला २ टक्के आकारायचे, अशी ही रीत. १० कोटींच्या भूखंडाला वर्षाला ५ लाख. २० बिऱ्हाडे असतील तर प्रत्येकी २५ हजार. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हे धोरण मुख्यत्वे उचलून धरले. पट्ट्याच्या मुदतीतच दर पाच वर्षांनी भाडे वाढविण्याची तरतूद मात्र अमान्य केली.

घरात दोन पगार येत असतील तर २५ हजार जड नाहीत. पतीच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या विधवेला ते जड आहेत. तिच्या भूखंडाची किंमत वाढली ती आसपासच्या खरेदी-विक्रीमुळे. तिने काही विकले नाही, विकणारही नाही. जो नफा तिच्या हाती कधी पडायचाच नाही, त्याच्या मापाने तिच्याकडून भाडे घेणे हा कुठला न्याय?

या प्रश्नाचे धागे आपल्या धर्मग्रंथातही सापडतात. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात भूमी परमेश्वराची आणि माणसे तिच्यावरचे उपरे, असा दंडक आहे. शेत विकायचे ते ज्युबिली वर्षापर्यंतच्या पिकांच्या हिशेबाने. वर्षे थोडी उरली तर किंमतही थोडी. आजच्या भाडेपट्ट्याचे गणित याहून फार निराळे नाही. त्याच अध्यायात तटबंदीच्या नगरातील घराला वेगळा नियम आहे. वर्षभरात ते सोडवून घेतले नाही, तर विकत घेणाऱ्याच्या वंशाकडे ते कायम राही. ज्युबिलीतही परत जात नसे. शेत आणि राहते घर यांत त्या प्राचीन कायद्याने भेद केला. तो आमच्या महसूल खात्याला का करता येऊ नये?

म्हणून आमचे म्हणणे असे : जो स्वतः राहतो त्याच्याकडून त्याच्या ऐपतीस झेपेल एवढेच भुईभाडे घ्यावे. जो घर विकून किंवा बिल्डरला जागा देऊन नफा मिळवतो, त्याच्याकडून समाजाचा हिस्सा त्या वेळी, पुरता वसूल करावा. आणि नूतनीकरणाचा निकाल मुदत संपण्यापूर्वी लावावा. वर्षानुवर्षे गप्प राहून एकदम थकबाकी काढणे हा कारभार नव्हे.

ही मागणी करण्यापूर्वी एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. चर्चच्या व धर्मादाय न्यासांच्या जमिनींवरही माणसे राहतात. तेथे मुदत वाढविण्याची वेळ येते, तेव्हा आपले विश्वस्तही बाजारभावाची भाषा बोलू लागतात आणि कायद्याकडे बोट दाखवतात. सार्वजनिक न्यासाला बिगरशेती मालमत्ता तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते, हे खरे. पण मंजुरीसाठी कोणत्या अटी मांडायच्या, हे विश्वस्तच ठरवतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात स्वतःच्या घराचा संबंध माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडला. ते परिपत्रक आपण व्यासपीठावरून वाखाणायचे आणि न्यासाच्या सभेत विसरायचे काय?

भाडेकरूंनीही झोपून राहू नये. आपल्या इमारतीचा मूळ पट्टा किती जणांनी वाचला आहे? तो कधी संपतो, हे किती जणांना ठाऊक आहे? सोसायटीच्या वार्षिक सभेला पाठ फिरवायची आणि नोटीस आल्यावर फादरांच्या दारात रांग लावायची, ही सवय सुटली पाहिजे.

शासनाकडे आपण न्याय मागूच. पण न्यासाच्या जागेत राहणाऱ्या विधवेला तो आधी मिळू द्या. मग आपल्या शब्दाला वजन येईल.