उद्यम नोंदणी मोडू नका

गेल्या पंधरा दिवसांत आमच्या कार्यालयात आलेल्या यंत्रमागधारकांच्या पत्रांचा विषय एकच आहे. दलालामार्फत खरेदीदार पक्षाचा निरोप येतो, ‘उद्यम रद्द करा, मग पुढचा सौदा बोलू.’ काहींना दुसरी वाट सुचवली जाते. ३१ मार्चपूर्वी माल परत आला असे दाखवून क्रेडिट नोट द्यायची आणि एप्रिलमध्ये तेच तागे नव्या बिलाने पुन्हा पाठवायचे. तागे मात्र बालोत्र्याला रंगून केव्हाच बाजारात गेलेले असतात. मार्च २०२४ मध्येही हेच झाले होते, आणि तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी मान तुकवली म्हणून यंदा निरोप अधिक चढ्या आवाजात आला आहे.

हे सारे कशासाठी, तर उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत चुकवावे लागतात म्हणून. पण हा नियम काही काल आलेला नाही. तो २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यातच आहे. लेखी करार नसेल तर पंधरा दिवस, असेल तरी पंचेचाळीसच्या पुढे नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, म्हणजे मार्च २०२५ च्या दराने वर्षाला साडेएकोणीस टक्के व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. सतरा वर्षे कोणी ते मागितले नाही आणि कोणी दिले नाही. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरात कलम ४३ बी (एच) आणून मुदतीबाहेर थकलेली रक्कम व्यापाऱ्याच्या उत्पन्नात धरायला सुरुवात केली, तेव्हा कुठे पेढ्यांना जाग आली. त्यात २०२५ च्या अर्थसंकल्पाने लघुउद्योगाची उलाढालीची मर्यादा ५० कोटींवरून १०० कोटींवर नेण्याचे जाहीर केले आणि ती लागूही झाली. आधी ‘मध्यम’ म्हणून बाहेर असलेले बरेच कारखाने या संरक्षणात आले आहेत. व्यापाऱ्यांची यंदाची घाई त्यामुळेच आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. पण तो वापरायला गेलेल्या माणसाचे काय होते ते पाहा.

चोवीस साध्या मागांच्या आमच्या एका वाचकाचे कॅम्ब्रिकचे साडेअकरा लाख सात महिने अडकले होते. त्याने या कायद्याखालच्या पुण्याच्या सुविधा परिषदेकडे रीतसर अर्ज केला. बिले जोडली, ई-वे बिले जोडली, बिल्ट्या जोडल्या. अर्ज परत आला. शेरा असा, की खरेदीदाराने माल स्वीकारल्याचा सही-शिक्का नाही. आता ग्रे कापडाचा व्यवहार ज्याला ठाऊक आहे त्याने सांगावे, हा शिक्का आणायचा कोठून? सौदा मुंबईच्या पेढीशी, माल दलालाच्या सांगण्यावरून थेट प्रोसेसला. पेढीवाला त्या गाठीला हातही लावत नाही. बिल्टीवर प्रोसेस हाऊसचे नाव. दलाल म्हणतो, सही करणे माझे काम नाही. प्रोसेसवाला म्हणतो, माल माझा नाही. वाचक दोनदा पुण्याला जाऊन आला आणि दोन्ही वेळा त्याला तोच शेरा वाचून दाखवण्यात आला.

असा शिक्का कायद्यानेच मागितलेला नाही. माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असेच धरायचे, हे व्याख्येच्या कलमात स्वच्छ लिहिले आहे. ज्यांनी हा कायदा राबवायचा त्यांनी पहिले पान तरी वाचावे, एवढी अपेक्षा जास्त आहे काय? नव्वद दिवसांत निकाल लावा असेही त्याच कायद्यात आहे. येथे छाननीतच पाच महिने गेले.

मधल्या काळात त्या वाचकाने सुताचे पैसे आठवड्यात चुकवले, सायझिंगचे चुकवले, वीजबिल भरले. पगाराचा दिवस तर कोणासाठी थांबत नाही. अखेर त्याने आठ माग किलोच्या भावाने भंगारात घातले. दोन पाळ्यांचे दोन कामगार गेले, एक कांडीवाली बाई गेली. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या धंद्याने शेतावरच्या माणसाला पगाराची सवय लावली. आज ओडिशा-उत्तर प्रदेशातून येणाऱ्यालाही तो तीच लावतो. हा रोजगार नुसत्या मंदीने जात नाही. विकलेल्या कापडाचे पैसे वेळेवर येत नाहीत म्हणूनही तो जातो. दर जानेवारीला महागाई भत्ता पिसरेटमध्ये धरायची वेळ आली की आपण परवडत नाही म्हणतो. ते खोटे नाही, पण न परवडण्यातला मोठा वाटा कोणाच्या तरी पेढीवर पडून असतो आणि आपण तो मागत नाही.

मागणार तरी कोणत्या तोंडाने? मजुरीवर कापड विणून देणाऱ्या खर्चीवाल्यांची पत्रेही याच टपालात आहेत. बिमे देणारे आपलेच सभासद मजुरी तीन-तीन महिने देत नाहीत, वर फॉल्टच्या नावाने कापून घेतात. खर्चीवाल्याची उद्यम नोंदणी असेल तर पंचेचाळीस दिवस तुम्हालाही लागू आहेत. व्यापाऱ्यावर ओरडणाऱ्याने आधी आपली खतावणी उघडावी.

तेव्हा मित्रांनो, उद्यम रद्द करू नका. आज एकाने केली की उद्या पेढीवाला दुसऱ्याला त्याचे उदाहरण देतो. खोटी क्रेडिट नोट देऊ नका; जीएसटीत अडकाल ते तुम्ही, पेढीवाला नव्हे. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि पेमेंट धारा (पैसे देण्याची मुदत) छापा. माल प्रोसेसला जाणार असेल तर ‘पक्षाच्या सूचनेवरून’ अशी ओळ चलनावर लिहा आणि ती सूचना पक्षाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लेखी घ्या. आणि २० मार्चपर्यंत थकीत बिलांची यादी आमच्याकडे पाठवा: पक्षाचे नाव, बिल क्रमांक, बिल्टीची तारीख, रक्कम. एकेकट्याचा अर्ज परत येतो. या खेपेला सगळ्या अर्जांचा गठ्ठा घेऊन आम्ही तुमच्याबरोबर पुण्याला येणार आहोत, आणि व्याख्येच्या कलमाची प्रतही वर ठेवणार आहोत.