‘जास्तीत जास्त शेअर करा’ म्हणून रक्त मिळत नाही

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेअकराला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. ‘अर्जंट! ९ वर्षांच्या मुलाला बी निगेटिव्ह रक्ताची तातडीने गरज. कृपया जास्तीत जास्त शेअर करा. तुमच्या एका मेसेजने एक जीव वाचू शकतो.’ खाली एक मोबाइल नंबर. पुढच्या दहा मिनिटांत तोच मेसेज मला आणखी तीन ग्रुपवर दिसला. शाळेच्या मित्रांच्या, गावाकडच्या भावकीच्या आणि, सांगायला लाज वाटते, आम्हा डॉक्टरांच्याही.

मी तो नंबर लावला. पलीकडून थकलेला आवाज आला. “साहेब, मुलगा बरा आहे आता. तो मेसेज दोन वर्षांपूर्वीचा आहे. रक्त तर दुसऱ्याच दिवशी मिळालं होतं. अजून फोन येतात. रात्री-अपरात्री येतात. नंबर बदलावा म्हटलं तर सगळं गिऱ्हाईक याच नंबरवर आहे.”

मी ‘माफ करा’ म्हणालो आणि फोन ठेवला. ग्रुपवर लिहिलं, की मेसेज जुना आहे, पुढे पाठवू नका. त्यावर एका सद्गृहस्थांचं उत्तर आलं, “डॉक्टर, पाठवायला काय जातं? झाला तर कुणाचा फायदाच होईल.”

आजचा लेख या ‘काय जातं?’ला उत्तर म्हणून लिहितोय. माझ्या मते बरंच काही जातं.

रक्त रुग्णापर्यंत पोहोचतं कसं?

बहुतेकांच्या डोक्यात अजून जुन्या सिनेमातलं चित्र असतं. एका खाटेवर रुग्ण, शेजारच्या खाटेवर रक्तदाता आणि मध्ये नळी. प्रत्यक्षात असं काही होत नाही. तुम्ही मेसेज वाचून, गाडी काढून, रात्री एक वाजता रक्तपेढीत पोहोचलात तरी तुमचं रक्त लगेच त्या रुग्णाला चढत नाही. आधी तुमचं हिमोग्लोबिन, वजन, रक्तदाब पाहिला जातो. रक्त काढल्यावर एचआयव्ही, कावीळ ‘बी’, कावीळ ‘सी’, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया या पाच तपासण्या कायद्याने बंधनकारक आहेत. मग रक्ताचे घटक वेगळे केले जातात आणि शेवटी रुग्णाच्या रक्ताशी जुळवणी, म्हणजे क्रॉसमॅच. यात काही तास जातात.

बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला, हायवेवर अपघात झाला, तर आमच्या हातात काही तास नसतात. कधी तासभरही नसतो. अशा वेळी जीव वाचवतं ते रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये आधीपासून तयार असलेलं रक्त. ते गेल्या आठवड्यात किंवा गेल्या महिन्यात कुणीतरी, कुठलाही अर्जंट मेसेज न वाचता, दिलेलं असतं. त्या माणसाला रुग्णाचं नाव माहीत नसतं आणि रुग्णाला त्याचं.

फ्रीज भरलेला असेल तर अर्जंट मेसेजची गरज सहसा पडत नाही. ज्या दिवशी असे मेसेज फिरतात, त्या दिवशी फ्रीज रिकामा आहे एवढाच त्याचा अर्थ. तो भरायची वेळ मागच्या महिन्यातच होऊन गेली.

शंभर वर्षांपूर्वीचा एक फोन

फोनचा उपयोग करून रक्त मिळवायची कल्पना काही व्हॉट्सॲपने आणलेली नाही. १९२१ साली लंडनच्या कॅम्बरवेल भागात पर्सी लेन ऑलिव्हर हे रेड क्रॉसच्या स्थानिक शाखेचे मानद सचिव होते. किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधून त्यांना फोन आला, की रक्त देणारं माणूस तातडीने हवं आहे. ऑलिव्हर काही स्वयंसेवकांना घेऊन गेले आणि त्यांच्यातल्या एका नर्सचं रक्त जुळलं. रक्तपेढ्या तेव्हा नव्हत्या. रक्तदात्याला प्रत्यक्षच न्यावं लागे.

ऑलिव्हर यांनी यानंतर जे केलं, ते आपण शिकण्यासारखं आहे. गावभर दवंडी पिटत बसण्याऐवजी त्यांनी एक यादी केली. रक्त द्यायला तयार असलेल्या माणसांची तपासणी आणि रक्तगट आधीच करून घेतला आणि प्रत्येकाचं एक कार्ड बनवलं. हॉस्पिटलचा फोन आला, की कार्ड काढायचं आणि नेमक्या त्याच माणसाला बोलवायचं. एका फोनवर एक माणूस हजर. जगातली पहिली संघटित रक्तदाता सेवा म्हणून तिचा उल्लेख होतो.

आता आपल्याकडे पाहा. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. एका बोटाने पाचशे माणसांना निरोप जातो. आणि तरीही त्या मेसेजवर तारीख नसते, हॉस्पिटलचं नाव नसतं, किती बाटल्या हव्यात ते नसतं आणि गरज भागल्याचं कळवायची सोय तर नसतेच. साधन शंभरपट सुधारलं, पण यादी ठेवायची शिस्त आपण लावून घेतली नाही.

‘काय जातं?’चा हिशोब

पहिली गोष्ट, रुग्णाचा खासगीपणा जातो. नाव, वय, आजार, वॉर्ड, नातेवाइकाचा नंबर, सगळं चव्हाट्यावर. हे मेसेज कधी पुसले जात नाहीत. असे नंबर पाहून फसवणूक करणारेही टपलेले असतात. ‘रक्त देतो, आधी गाडीभाड्याचे पैसे टाका’ असा फोन येतो आणि हवालदिल झालेला माणूस पैसे टाकतो.

दुसरी गोष्ट, विश्वास जातो. दहा वेळा जुना मेसेज वाचल्यावर अकराव्या वेळी खरा आला तरी आपण तो नुसता वर सरकवतो. लांडगा आला रे आला!

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात वाईट. मेसेज पुढे ढकलला, की आपल्याला वाटतं आपलं काम झालं. मनाला बरं वाटतं आणि माणूस झोपी जातो. त्या सद्गृहस्थांना मी नंतर जिन्यात भेटल्यावर विचारलं, “तुम्ही शेवटचं रक्त कधी दिलंत?” ते हसले. म्हणाले, “कॉलेजात असताना.”

जिच्यासाठी कुणी मेसेज करत नाही

माझ्याकडे सात वर्षांची एक मुलगी सर्दी-तापासाठी येते. तिला थॅलेसेमिया आहे. तिच्या शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन तयार होत नाही, त्यामुळे साधारण दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आज, पुढच्या महिन्यात, दिवाळीत, परीक्षेत आणि मे महिन्याच्या सुट्टीतही.

गेल्या मे महिन्यात तिची आई तिला घेऊन आली. पोरगी पांढरीफटक, जिना चढून आल्यावर धापा टाकत होती. हिमोग्लोबिन ५.५. मी विचारलं, “ताई, रक्ताची तारीख चुकली का?” त्या म्हणाल्या, “दहा दिवस झाले डॉक्टर. पेढीत स्टॉक नाही म्हणतात. दोन डोनर घेऊन या म्हणतात. दर वेळी कुठून आणू? सगळ्या नातेवाइकांचं देऊन झालंय.”

या आईने अर्जंट मेसेज टाकावा तर वर्षातून सतरा-अठरा वेळा टाकावा लागेल. तिसऱ्या वेळी कोण वाचेल? मेसेजवर चालणारी व्यवस्था नाट्यमय रुग्णाला पावते आणि नेमाने गरज असलेल्याला विसरते.

मे महिन्यातच टंचाई का? कॉलेजं बंद असतात, लोक गावी जातात, शिबिरं होत नाहीत. याउलट नेत्यांचे वाढदिवस, जयंत्या, गणेशोत्सव आला की एकाच आठवड्यात गल्लोगल्ली शिबिरं. एका बाटलीपासून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स मिळतात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर टिकतो, पण लाल पेशी फार तर ४२ दिवस आणि प्लेटलेट्स फक्त ५ दिवस. एका दिवशी एकाच तालुक्यात हजार बाटल्या जमवल्या तर प्लेटलेट्सचा मोठा हिस्सा वाया जायची भीती. शिवाय ते हजार रक्तदाते पुढचे तीन-चार महिने रक्त देऊ शकत नाहीत. फ्लेक्सवर आकडा झळकतो, पण फ्रीज पुन्हा रिकामा होतो.

आम्हा डॉक्टरांचंही चुकतं

सगळा दोष तुमच्यावर ढकलून मी मोकळा होणार नाही. अनेक मेसेज नातेवाईक हौसेने टाकत नाहीत, आम्ही टाकायला लावतो. ‘आधी चार डोनर आणा, मग बघू’ असं काउंटरवरून सांगितलं जातं. बदली रक्तदाता आणायची ही सक्ती हळूहळू संपवायची हे सरकारचं जाहीर धोरण आहे. थॅलेसेमियाच्या रुग्णांना तर रक्त मोफत आणि बदली रक्तदाता न मागता द्यावं, अशा सूचना आहेत. तरीही सक्ती चालते.

ही सक्ती धोक्याचीही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. कारण पैशासाठी रक्त देणारा आपला आजार लपवतो आणि संसर्ग अगदी ताजा असेल तर तो तपासणीतही निसटू शकतो. परगावच्या रुग्णाला तासाभरात चार डोनर आणायला सांगितलं तर तो गेटबाहेर उभ्या असलेल्या ‘मामेभावा’ला पैसे देणारच. बंदी घातलेला धंदा आपण मागच्या दाराने आत घेतो.

दुसरी चूक डेंग्यूतल्या प्लेटलेट्सची. आकडा ४० हजारांवर आला, की नातेवाइकांची धावाधाव सुरू होते. कुठे रक्तस्राव नसेल आणि आकडा १० हजारांच्या वर असेल, तर सहसा प्लेटलेट्स चढवायची गरज नसते. हे शांतपणे समजावून सांगायला आम्हाला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं आम्ही वाचवतो आणि तुमच्या फोनवर पन्नास मेसेज येतात.

मेसेजचा कधीच उपयोग नाही का?

आहे. मुंबईत १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला ‘बॉम्बे’ रक्तगट घ्या. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा तो असतो. साध्या तपासणीत ‘ओ’ दिसतो, पण या रुग्णाला ‘ओ’ रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचंच लागतं. इथे दुसऱ्या जिल्ह्यातला, दुसऱ्या राज्यातला रक्तदाता शोधावाच लागतो आणि फोन नसता तर तो सापडला नसता. कधी कॅन्सरच्या रुग्णाला एकाच दात्याच्या प्लेटलेट्स लागतात, त्यासाठीही माणूस बोलवावा लागतो.

पण अशा वेळी उपयोगी पडते ती जपलेली यादी आणि ती चालवणारी जबाबदार माणसं. ‘हा मेसेज दहा ग्रुपवर टाका’ने बॉम्बे गटाचा माणूस सापडला तर तो योगायोग.

तुमच्या ग्रुपवर एवढं करा

१. रक्त हवं असेल तर आधी केंद्र सरकारचं ‘ई-रक्तकोष’ पाहा. कोणत्या रक्तपेढीत कोणत्या गटाचा किती साठा आहे ते त्यावर दिसतं. साठा रोज भरायची जबाबदारी रक्तपेढ्यांची आहे. जाण्याआधी एक फोन मात्र करा.

२. मेसेज आला तर पुढे पाठवण्याआधी दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. तेवढा वेळ नसेल तर पाठवू नका.

३. स्वतः मेसेज टाकायची वेळ आलीच, तर तारीख, रक्तपेढीचं नाव, गट, किती बाटल्या आणि ‘अमुक वेळेनंतर पुढे पाठवू नये’ हे लिहा. मुलाचा फोटो आणि आजार लिहू नका. गरज भागली की तसं कळवा आणि मूळ मेसेज काढून टाका.

४. ग्रुपमध्ये यादी करा. सोसायटीत रक्त द्यायला तयार असलेले १२० जण निघाले, तर दर महिन्याला १० जण जवळच्या रक्तपेढीत जातील. प्रत्येकाची पाळी वर्षातून एकदाच. ॲडमिनने महिन्याच्या एक तारखेला दहा नावं टाकायची, बस. एप्रिल-मेची पाळी आधी भरा.

५. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन १२.५ असेल, तर तब्येत ठणठणीत असलेल्या पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी रक्त देता येतं. पहिल्यांदाच देत असाल तर साठीच्या आत. मधुमेह, रक्तदाबाची औषधं चालू असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आमच्या सोसायटीत ही यादी सुरू झाली आहे. ५४ नावं आहेत, म्हणजे महिन्याला चार-पाच जण. फार नाही. पण दोन नावं मला विशेष आवडतात. एक जिन्यात भेटलेल्या त्या सद्गृहस्थांचं, त्यांची पाळी एप्रिलमध्ये आहे. आणि दुसरं त्या थॅलेसेमियाच्या मुलीच्या बाबांचं. ते आमच्या सोसायटीत राहतही नाहीत. म्हणाले, “डॉक्टर, आम्ही आतापर्यंत घेतच आलोय. कुणाच्यातरी फ्रीजमध्ये माझंही असू दे.”

तुमचा ग्रुप आज रात्री उघडलात, की शेवटचा ‘अर्जंट’ मेसेज शोधा. तो पुढे पाठवू नका. त्याखाली तुमचं नाव, रक्तगट आणि रक्त द्यायचा महिना लिहा.