हिशेब नेमका कोणत्या चलनात?

महाड-पोलादपूर भागातील कितीतरी घरांचा एक पाय आखातात आहे. भाऊ कुवेतला, मेहुणा दुबईला आणि दुकान इथे, यात नवे काही नाही. भांडवल तिकडून येते, संगणकावर हिशेब मात्र निव्वळ रुपयांत मांडला जातो. आमचा आक्षेप यालाच आहे.

आपल्या आजोबांना ही अडचण नव्हती. रिझर्व्ह बँकेने १९५९ साली आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या होत्या. कुवेतने १९६१ साली स्वतःचा दिनार आणला, दुबईत तो रुपया १९६६ पर्यंत चालला. खतावणीत एकच रकाना पुरत असे.

आता धरा, दुबईच्या भावाने दुकानासाठी १०,००० दिरहम उसने दिले. त्या दिवशी दर १३ रुपये, म्हणून त्याच्या खात्यात १,३०,००० रुपये जमा पडले. काही वर्षांनी दर २२ वर गेला आणि भावाने रक्कम मागितली. तो म्हणतो, माझे दहा हजार दिरहम, म्हणजे २,२०,००० रुपये. दुकानदार चोपडी दाखवतो. दोघेही प्रामाणिक, पण ९०,००० रुपयांवरून सख्ख्या भावांचे बोलणे बंद! उसनवार कोणत्या चलनात, हे पहिल्याच दिवशी लिहायला हवे होते. (अशी देवघेव फेमा कायद्यात बसते का, हे आधी सी.ए.ना विचारावे.)

टॅलीसारख्या पॅकेजमध्ये सोय आहे. अनेक चलनांचा पर्याय चालू करून भावाचे खाते दिरहममध्येच उघडता येते. दर बदलला की फरक ताळेबंदात वेगळा दिसतो. पुष्कळजण तो तसाच लोंबकळत ठेवतात. ३१ मार्चचा दर लावून जर्नल नोंदीने तो ‘विनिमय फरक’ खात्यात टाकावा. विक्रीच्या नफ्या-तोट्यात तो मिसळला, तर धंदा वाढला की नुसता दर हलला, हेच कळत नाही.

‘आखाताचा दर’ म्हणून सर्वांना एकच हिशेब लावणेही चुकीचे. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. कुवेतचा दिनार २००७ पासून अनेक चलनांच्या गटाशी जोडलेला आहे. शिवाय कुवेत, बहारीनचा दिनार आणि ओमानचा रियाल यांचे शंभर नव्हे, हजार भाग होतात. पॅकेजमध्ये दोनच दशांश ठेवले तर १२.३७५ दिनारांचे १२.३८ होतात आणि तिकडच्या पावतीशी मेळ बसत नाही. ऑपरेटरकडून चलन उघडून घेताना एवढे पाहावे: दिरहमला दोन दशांश, दिनाराला तीन.