टिपरे बघतो, माफी मागत नाही

परवा हार्बर लोकलमध्ये मी एकटाच मोठ्यानं हसलो. कानात इअरफोन, हातात फोन, फोनवर आबा टिपरे. मानसरोवरला सोबत चढलेला ऑफिसातला मित्र वाकून स्क्रीनकडे बघत म्हणाला, "बत्तीस वर्षांचा झालास रे. अजून हेच?" त्याच्या स्वतःच्या फोनवर तेव्हा क्रिकेट चालू होतं. तेही तो दहाव्या वर्षापासून बघतोय. पण ती आवड आणि माझा पोरकटपणा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका २००१ ते २००५ या काळात अल्फा मराठीवर, म्हणजे आजच्या झी मराठीवर लागायची. दिलीप प्रभावळकरांचं 'अनुदिनी' हे पुस्तक, केदार शिंदेंचं दिग्दर्शन. आजोबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातू शिऱ्या, नात शलाका. काहीतरी छोटंसं घडायचं आणि आबा डायरी लिहायला बसायचे. बस, एवढंच. ना कुणी विष कालवत होतं, ना कुणाचा पुनर्जन्म होत होता.

आता त्या "अजून हेच?"कडे येतो. पुणे आकाशवाणीवर १९५५ साली गीतरामायण सुरू झालं. दर आठवड्याला एक नवं गाणं, असं वर्षभर. ती रेडिओवरची साप्ताहिक मालिकाच होती की! लहानपणी रेडिओला कान लावून ती ऐकलेला माणूस ऐंशीव्या वर्षी तीच गाणी गुणगुणतो, तेव्हा त्याला कुणी "मोठे व्हा" म्हणत नाही. त्याला रसिक म्हणतात. आमच्या सोसायटीतले एक काका दूरदर्शनवरच्या 'चिमणराव'बद्दल बोलायला लागले की अर्धा तास थांबत नाहीत, आणि सगळे माना डोलावतात. काका, तो चिमणराव आणि माझा आबा एकच नट आहे हो. तुमचं बालपण आणि माझं बालपण प्रभावळकरांनीच सांभाळलंय. मग तुमची ती अभिरुची आणि माझं ते न वाढणं, हा हिशोब कुणी लावला?

पण खरं सांगू का, या टोमण्यांचा मला तेवढा राग येत नाही. मला राग येतो तो माझ्या बाजूनं बोलणाऱ्यांचा. "तेव्हाच्या मालिका किती निरागस होत्या! सगळं कुटुंब एकत्र बसून बघायचं! आजच्या पिढीला काय कळणार?" खाली रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग आणि हात जोडलेले. हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी येतो. एकदा मी विचारलं, "तुम्हाला कुठला भाग सगळ्यात जास्त आवडला होता?" उत्तर म्हणून आणखी एक हात जोडलेला आला. यांना मालिका नको असते. शेजारच्या पोराच्या पाठीत घालायला काठी हवी असते, आणि आबा टिपरे आयते सापडतात.

आणि ते 'एकत्र बसून'. आम्हीही एकत्र बसूनच बघायचो. कळंबोलीत, सिडकोच्या केएल टाइपच्या घरात, तळमजल्यावर. मी, ताई, आई, पप्पा आणि गावाहून आलेले तात्या, म्हणजे आजोबा. एकत्र बसायचो कारण खोली एकच होती. टीव्ही त्याच खोलीत, गॅसचा ओटा त्याच खोलीत, तात्यांची वळकटीही तिथेच. ताईला दहावीचा अभ्यास करायचा असायचा, ती टीव्हीकडे पाठ करून बसायची आणि ऐकून ऐकून हसायची. तिला वेगळी खोली मिळाली असती तर ती उठून गेली असती, आणि योग्यच केलं असतं. आमच्या अडचणीला कुणी संस्कार म्हणालं की डोकं फिरतं.

पप्पा स्टील मार्केटात माथाडी. सातारा जिल्ह्यातून आलेल्या शेकडो घरांसारखंच आमचं घर. बाहेरच्या जगाला कळंबोली माहीत होती ती एक्स्प्रेस वे सुरू होतो ते ठिकाण म्हणून. टीव्हीवर आमचं नाव यायचं ते ट्रॅफिकच्या बातमीत. त्यामुळे टिपऱ्यांचं घर मला आपलं वाटायचं असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. मला ते परदेशासारखं वाटायचं. एक म्हातारा माणूस, त्याला बसायला जागा, हातात पेन, आणि घरातले त्याला लिहू देतायत! तात्यांना सगळ्यात नवल त्याचंच. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. ते दर आठवड्याला विचारायचे, "ह्यो म्हातारा रोज काय लिहितो रं?" मी सांगायचो, आज काय झालं ते लिहितात. तात्या म्हणायचे, "झालं ते झालं. ते आनि कशाला लिहायचं?" आणि तरी पुढच्या आठवड्यात वेळ झाली की तेच आधी ओरडायचे, "लाव की तुझा टिपऱ्या."

२६ जुलै २००५ ला कळंबोलीत पाणी घुसलं. आमच्या घरात ते टीव्हीच्या टेबलावर चढलं. तात्यांना आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेलं. टीव्ही तसाच राहिला. नवा यायला बरेच महिने गेले. मालिकाही त्याच वर्षी संपली. तात्या पुढच्या उन्हाळ्यात गावी गेले ते परत आले नाहीत.

म्हणून मी आज ते भाग बघतो तेव्हा 'निरागस बालपणात' वगैरे जात नाही. तिथं ओल होती, गर्दी होती, आणि अकरा तासांनी घरी येणारा, न बोलणारा बाप होता. मी बघतो कारण मालिका चांगली आहे, आणि दर वेळी वेगळी दिसते. नऊ वर्षांचा होतो तेव्हा मी शिऱ्याच्या बाजूनं होतो. आता शेखरची दया येते, वर बाप आणि खाली पोरं, मधे हा. ते घर श्यामलाच्या हातावर चालतं, हे तेव्हा दिसलंच नव्हतं, कारण आमच्याही घरात ते दिसत नव्हतं. आणि काही गोष्टी खटकतातही. त्या घरातलं भांडण अर्ध्या तासात मिटतं. त्या घरात माझ्या पप्पांसारखा माणूस राहत नाही. 'टिपिकल मराठी घर' असं त्याला म्हणतात तेव्हा मला विचारावंसं वाटतं, मग आमचं कुठल्या भाषेतलं होतं?

पण म्हणून मालिका टाकून द्यायची? का? आवडत्या माणसातले दोष दिसायला लागले की त्याला घराबाहेर काढतो का आपण? उलट, दोष दिसूनही परत परत बघावंसं वाटतं, त्यालाच मी आवड म्हणतो. हे नवव्या वर्षी जमत नाही. तेव्हा नुसतं हसू येतं. त्यामुळे "अजून हेच?" विचारणाऱ्याला माझं उत्तर असं आहे की अजून नाही, आत्ता कुठे.

एक गोष्ट मला मागच्याच वर्षी कळली. प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा. म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. म्हातारा दिसायला त्यांना मेकअप करावा लागायचा. माझे पप्पा मागच्या वर्षी सत्तावन्नचे झाले. त्यांची पाठ दहा वर्षांपूर्वीच गेलीय. त्यांना मेकअप लागणार नाही.

रविवारी दुपारी मी फोन पाण्याच्या कळशीला टेकवून ठेवतो आणि भाग लावतो. आता आमच्याकडे दोन खोल्या आहेत, मोठा टीव्हीही आहे. पण पप्पांना खाली चटईवर आडवं पडून बघायला बरं पडतं. ते कॉटवर बसत नाहीत, पाठ दुखते. तेव्हा, २००२-०३ मध्ये, ते मालिकेच्या वेळी बहुतेकदा झोपलेले असायचे, त्यामुळे त्यांच्यासाठी सगळे भाग नवे आहेत. मागच्या रविवारी आबा डायरी उघडून बसले तसे पप्पा कोपरावर उठले आणि म्हणाले, "थांब, आवाज वाढव. काय लिहितोय ते ऐकू दे."