टेंकडीवरचीं अक्षरें

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्या एका हिंवाळी प्रवासाची हकीकत आम्हांस वरचेवर आठवते. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सरकारनें जपानी वंशाच्या सुमारें १०,००० लोकांस कॅलिफोर्नियांतील मांझानार येथें छावणींत कोंडलें होतें. त्यांतील निम्म्याहून अधिक जन्मानें अमेरिकनच! त्यांचीं छायाचित्रें घेण्यास अ‍ॅडम्स तिकडे जात. तशांतच १९४४ सालीं, जवळच्या लोन पाइन गांवाहून, सिएरा नेवाडाच्या हिमशिखरांवरील सूर्योदय टिपावा असें त्यांनीं मनांत घेतलें.

चार पहांटा व्यर्थ गेल्या. पांचव्या दिवशीं कडाक्याच्या थंडींत मोटारीच्या टपावर कॅमेरा मांडून ते वाट पाहूं लागले. शिखरें उजळलीं, मधल्या टेंकड्या काळ्याच राहिल्या. आणि पुढें कुरणांत चरणारें एक घोडें नेमकें पाठमोरें! अ‍ॅडम्स थांबले. अगदीं शेवटच्या क्षणीं घोडें आडवें वळलें, आणि चित्र साधलें.

परंतु टेंकडीवर गांवच्या शाळेंतील मुलांनीं पांढऱ्या दगडांचीं ‘एल. पी.’ हीं प्रचंड अक्षरें मांडलीं होतीं. तीं अ‍ॅडम्स यांनीं चित्रांतून पुसून टाकिलीं. बांकांवर कोरलेलीं नांवें जन्मभर घासून काढविणाऱ्या आम्हांस प्रथम याचा आनंदच झाला! मागाहून मात्र मन खाऊं लागलें. घोडें आपण होऊन वळेपर्यंत जो मनुष्य थंडींत तिष्ठला, त्यानें टेंकडी आहे तशी कां राहूं दिली नाहीं? चित्र सुंदर आहे, यांत शंका नाहीं. पण आमच्या मतें तीं अक्षरें राहावयास हवीं होतीं. आमच्या घरांत यावर अद्यापि एकमत नाहीं.