जंगलाची किंमत कोणाच्या तिजोरीत?

ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र सरकारने देशातील २७ राज्यांच्या स्वाधीन ४७ हजार ४३६ कोटी रुपये केले. त्यांपैकी सुमारे ३ हजार ८४४ कोटी रुपये महाराष्ट्राच्या वाट्याला आले. नवा कर बसविल्यावाचून आणि कर्ज काढल्यावाचून एवढी रक्कम एकदम राज्याच्या हाती पडण्याचा योग वारंवार येत नसतो. परंतु या रकमेचे काय करावे, हा जणू वनखात्याचा घरगुती प्रश्न आहे अशाच रीतीने त्याच्याकडे पाहिले गेले. ज्यांच्या जंगलाच्या मोबदल्यात हा पैसा जमा झाला, त्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांना कोणी विचारले नाही. म्हणून या प्रश्नाचा मुळापासून विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, हा पैसा म्हणजे दिल्लीने महाराष्ट्रावर केलेली मेहेरबानी नाही. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यान्वये खाणी, धरणे, रस्ते वा वीजवाहिन्या यांसाठी जंगलजमीन देताना ती घेणाऱ्याने दुसरीकडे जंगल उभे करण्याचा खर्च द्यावयाचा असतो. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात नष्ट होणाऱ्या जंगलाच्या निव्वळ वर्तमान मूल्याची भर घातली. २००८ मध्ये हे मूल्य जंगलाच्या प्रतीनुसार हेक्टरी ४ लाख ३८ हजारांपासून १० लाख ४३ हजार रुपयांपर्यंत ठरविण्यात आले. ही रक्कम वर्षानुवर्षे केंद्राच्या ताब्यात साठत राहिली. २०१६ च्या प्रतिपूरक वनीकरण निधी कायद्याने तिचा ९० टक्के हिस्सा राज्यांचा ठरला व पुढे तीन वर्षांनी तो हाती आला. सरकारदरबारी ज्यास ‘कॅम्पा’चा पैसा म्हणतात तो हाच. चंद्रपूरच्या उघड्या कोळसा खाणी, सुरजागडच्या डोंगरावर २००७ साली लोहखनिजासाठी दिलेले ३४८ हेक्टर जंगल, असल्या व्यवहारांची ती किंमत आहे.

शेत विकून आलेला पैसा लग्नकार्यात उडविणाऱ्या शेतकऱ्याला गाव शहाणा म्हणत नाही. गेलेल्या भांडवलाच्या जागी दुसरे भांडवल उभे राहिले पाहिजे, एवढा व्यवहार अडाणी मानल्या गेलेल्या माणसालाही समजतो. सरकारला तो समजू नये काय? एकदाच मिळणारा पैसा तीन कसोट्यांवर उतरला पाहिजे. तो संपल्यानंतरही त्याचे फळ मिळत राहिले पाहिजे. त्यापायी पुढे कायमचा खर्च मागे लागता कामा नये. आणि ज्याचे नुकसान झाले त्याच्याच हाती ते फळ पडले पाहिजे.

या कसोट्या आजवरच्या कारभाराला लावून पाहाव्यात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २००६ ते २०१२ या काळाचा देशभरचा हिशेब तपासून २०१३ मध्ये अहवाल दिला. जंगलाच्या बदल्यात जी वनेतर जमीन मिळावयास हवी होती, तिच्यापैकी अवघी २७ टक्के मिळाली होती, आणि प्रत्यक्ष वनीकरण झाले होते ते मिळावयाच्या जमिनीच्या ७ टक्के क्षेत्रावर. उत्तराखंडाविषयीच्या २०२५ मधील अहवालात तर या निधीतून आयफोन, लॅपटॉप व फ्रीज खरेदी झाल्याचे नमूद आहे. जंगल गेले कोणाचे आणि थंड पाणी कोणाच्या कचेरीत, हा प्रश्न यावर कोणीही विचारील.

जेथे झाडे खरोखरच लावली जातात तेथेही लावणे म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने विदर्भातील मिश्र जंगल तोडून त्या जागी सागाची लागवड करण्याचे धोरण चालविले. सागाखाली मोह फुलत नाही, चार पिकत नाही, गुरांना चारा मिळत नाही. लाकडाच्या हिशेबात जे जंगल वाढले, ते गोंड-माडिया कुटुंबाच्या चुलीच्या हिशेबात घटले. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात दोन कोटींपासून तेहतीस कोटींपर्यंत वृक्षलागवडीची उद्दिष्टे जाहीर झाली. रोपे मोजण्याचा हा उत्साह जगलेल्या झाडांच्या मोजणीत क्वचितच दिसतो. मुळांतून फुटणाऱ्या जंगलाला राखण मिळाली, आग आटोक्यात राहिली आणि चराईला गावानेच शिस्त लावली, तर या दोन जिल्ह्यांच्या पुष्कळशा जमिनीवर रोप लावण्याची गरजही पडत नाही. पण राखणीत कंत्राट निघत नाही, हीच तिची मोठी अडचण!

मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात केंद्राच्या अर्थमंत्र्यांनी याच निधीतून ६ हजार कोटींची कामे काढून आदिवासींना रोजगार देण्याची घोषणा केली. उपासमारीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला मजुरी मिळणे निकडीचेच होते. परंतु १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने जो धडा घेतला तो याहून मोठा होता. त्या वेळी कामाची मागणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या कष्टकऱ्यांमुळे दुष्काळी कामांतून रोजगार हमी योजना उभी राहिली व १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मदतीचे रूपांतर हक्कात झाले. जंगलाच्या पैशाबाबत आज नेमके हेच घडवून आणावयाचे आहे.

त्यासाठी नवा शोध लावण्याची आवश्यकता नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपले सामूहिक जंगल राखण्याचा, वाढविण्याचा व त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १ हजार ८१० हेक्टरांवर हा हक्क मिळविला. देशात असा हक्क प्रथम मिळविणाऱ्या गावांपैकी ते एक. तरीही स्वतःचा बांबू गावाबाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना त्या गावाच्या हाती पडावयास एप्रिल २०११ उजाडला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्र्याला गावात यावे लागले. बल्लारपूरच्या कागद गिरणीसाठी जो बांबू दशकानुदशके जंगलातून जात राहिला, तोच गावाने विकावयाचे म्हटल्यावर कायद्याचा एवढा काथ्याकूट झाला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने २०१२ मध्ये हजार हेक्टरांवर हक्क मिळविला आणि बांबूच्या उत्पन्नावर आपला कारभार उभा केला. फांद्यांच्या तोडीने व आगीने जंगलाची हानी होते म्हणून तेंदूपत्त्याचे उत्पन्नही त्या गावाने विचारपूर्वक सोडले. कोणत्या वनाधिकाऱ्याने महसुलावर असे पाणी सोडले आहे? कोरची तालुक्यात तर अनेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा स्थापन केली आहे. एकट्या गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामसभांपाशी आज सामूहिक हक्काची सनद आहे.

सनद आहे, साधन नाही. म्हणून राज्य सरकारने प्रथम, निधीच्या वार्षिक कार्य आराखड्यात सनदधारक ग्रामसभेच्या क्षेत्रातील प्रत्येक काम त्या ग्रामसभेच्याच आराखड्याप्रमाणे व तिच्याच खात्यातून करावे. २०१८ च्या नियमांत ग्रामसभेशी केवळ सल्लामसलत करण्याची तरतूद आहे. सल्ला विचारणारा मालक आणि सल्ला देणारा मजूर, हे नाते राज्याने स्वतःहून मोडावे. त्यास कायद्याची आडकाठी नाही. सीमांकन, जंगलाची मोजदाद व आराखडा करण्यासाठी गावातल्याच शिकलेल्या मुलामुलींना तयार करणे, हे या खर्चातील पहिले कलम असावे.

दुसरे काम पाण्याचे. चंद्रपूर-गडचिरोलीत माजी मालगुजारी तलाव मोठ्या संख्येने आहेत. मालगुजारी गेल्यानंतर तलाव सरकारचे झाले आणि त्यांची काळजी कोणाचीच उरली नाही. यांपैकी कित्येकांना पाणी येते ते जंगलातून. जंगलातील नाल्यांवर मृद व जलसंधारणाची कामे झाली तर जंगल ओले राहील, तलावात गाळ कमी येईल, खाली धानाला पाणी मिळेल आणि ढिवरांच्या मासेमारीलाही आधार होईल. एकदाच पैसा घालून पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडणारे याहून चांगले काम कोणते?

तिसरी गरज खेळत्या भांडवलाची. तेंदूपत्त्याचा हंगाम पावसाळ्यापूर्वीचे जेमतेम काही आठवडे चालतो. सत्तर पानांचा एक पुडा, अशा हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी. एवढा माल गोळा करणाऱ्यांना मजुरी ताबडतोब हवी असते आणि पाऊस तोंडावर आलेला असतो. ग्रामसभेकडे रोकड नाही व गोदाम नाही, म्हणून कंत्राटदार म्हणेल तो भाव आणि देईल तेव्हा पैसे, अशी स्थिती होते. हक्क गावाचा व भाव कंत्राटदाराचा! ही गरज कॅम्पाच्या नियमांत बसणारी नसेल तर तिच्यासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. २०१५ च्या दुरुस्तीने जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम त्यात जमा होते. जमिनीतून खनिज एकदाच निघते. म्हणून तो पैसाही वस्तुतः एकदाच मिळणारा आहे आणि त्यालाही हीच कसोटी लागू होते.

यावर आक्षेप ठरलेला आहे: ग्रामसभांना हिशेब ठेवता येत नाही, पैसा पुढारी खातील. हा धोका काल्पनिक नाही. सर्व गावे मेंढ्यासारखी संघटित नाहीत. काही ठिकाणी ग्रामसभेच्या नावाने दोन-चार माणसेच कारभार करतात, आणि स्त्रियांचा आवाज दाबला जातो. म्हणूनच पैसा टप्प्याटप्प्याने द्यावा, हिशेबाचे जाहीर वाचन व्हावे, स्त्रियांच्या उपस्थितीवाचून ठराव ग्राह्य धरू नये. परंतु नालायकीचा हा निकष वनखात्याला मात्र कधी लावला गेला नाही. शिवाय या राज्यानेच २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्यास आरंभ केला. त्याच्या ठरविलेल्या उपयोगांत वनसंवर्धनही आहे. जे तत्त्व एका निधीला चालते ते दुसऱ्याला का चालू नये?

एक इशारा मात्र येथेच दिला पाहिजे. चांगल्या रीतीने वाटलेला पैसाही जंगलतोडीचे समर्थन होऊ शकत नाही. या निधीची रचनाच अशी आहे की जंगल जितके अधिक तुटेल तितकी तिजोरी अधिक भरेल. सुरजागडच्या खाणीची उत्पादनमर्यादा २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यात आली. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी वनजमिनीस मंजुरी देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती पाहण्याची जबाबदारी केंद्राने आपल्या अंगावरून झटकून राज्यांवर ढकलली. तेव्हा आधी संमती आणि मग किंमत, हा क्रम बदलू देता कामा नये. नकार देण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याच्या हातावर ठेवलेली रक्कम मोबदला ठरत नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम यावरून स्पष्ट होते. आपल्या वनविभागात या निधीतून कोणती कामे झाली, कोठे झाली व किती झाडे जगली, याची माहिती अधिकाराखाली मागणी करावी. ती माहिती गावात वाचून दाखवावी, प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळावी आणि पुढील वर्षाचा आराखडा होण्यापूर्वी ग्रामसभांचे ठराव जिल्हाधिकाऱ्यांच्या व वनखात्याच्या टेबलावर पोहोचवावेत. १९८० नंतरच्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध याच मुलुखातील आदिवासी जंगल वाचविण्यासाठी उभे राहिले होते. आज त्यांच्या गावांपाशी कायद्याची सनद आहे. त्या सनदेप्रमाणे जंगलाचा पैसा गावाच्या ठरावाने खर्च व्हावा, यासाठी त्यांच्या बरोबरीने उभे राहणे हे आजचे कर्तव्य आहे.